यंत्रमागांच्या मुलखातील यंत्रमानव

(वज्रेश्वरी, तालुका भिवंडी येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगणकावर यंत्रमानवाचे पात्र कसे घडवावे आणि त्याला चालते कसे करावे, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर पाहून आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठी पडली असणे स्वाभाविक आहे. ज्या गावी भाविक देवीच्या दर्शनासाठी बावन्न पायऱ्या चढतात आणि तानसेच्या काठच्या गरम पाण्याच्या कुंडांत स्नान करून परततात, त्या गावी बोलावयास पाणीपुरवठा, घरपट्टी, रस्ते असे विषय थोडे का आहेत? मी स्वतः कला शाखेचा पदवीधर. भूमितीशी माझे सख्य शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेबरोबरच संपले. तरीही हा विषय मी मागून घेतला, याचे कारण एक फजिती आहे. ती आधी सांगतो, म्हणजे पुढील विवेचन हवेत राहणार नाही.

तीन वर्षांपूर्वी ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्याच्या प्रचारासाठी एक मिनिटाची चित्रफीत करवून घेण्याचे काम माझ्याकडे आले. मुलांना रुचेल म्हणून तीत यंत्रमानव असावा असे ठरले. ज्या व्यावसायिकाकडे काम सोपवले त्याने परदेशी बाजारातून एक तयार पात्र विकत घेतले, त्याच्या छातीवर आमचे बोधचिन्ह बसवले, मराठी आवाज भरला आणि चित्रफीत मुदतीत हाती दिली. चकचकीत धातूचे अंग, निळे डोळे, शुद्ध उच्चार! आम्ही सारे संतुष्ट होतो. या परिसरातील एका ग्रामसभेत ती दाखवली तेव्हा मुलांनी प्रथम टाळ्या वाजवल्या आणि लगोलग ती हसू लागली. हसण्याचे कारण मला उमगेना. मागच्या बाजूस गोदामात हमाली करणारे एक वयस्क गृहस्थ बसले होते. ते सहज म्हणाले, "साहेब, याचा पाय भुईला लागतच नाय."

कचेरीत परतल्यावर मी ती चित्रफीत पुन्हा पाहिली. यंत्रमानव पाऊल उचलत होता, टाकत होता. पण टाकलेले पाऊल जागी न थांबता जमिनीवरून घसरत पुढे जात होते. देह लोखंडाचा, पण त्याला वजन म्हणून नव्हते. आयुष्यभर पाठीवर तागे वाहिलेल्या माणसाच्या डोळ्याला जे क्षणात दिसले ते निविदा, मान्यता आणि पूर्वदर्शन या तिन्ही टप्प्यांवर आम्हा कोणालाही दिसले नव्हते. ते पात्र आम्ही विकत घेतले होते. त्याचा विचार कोणीच केला नव्हता. त्यानंतर या परिसरातील एका शाळेत चित्रकलेचे शिक्षक आणि नववीचे सात विद्यार्थी यांच्यासह आम्ही दुसरा यंत्रमानव घडवला. मी आज जे सांगणार आहे ते बव्हंशी त्या सात मुलांकडून शिकलेले आहे.

नावातील वेठ

'रोबो' हा शब्द जगाला चेक नाटककार कारेल चापेक यांच्या नाटकाने दिला. ते नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१ साली प्राग येथे रंगभूमीवर आले. शब्द सुचवला तो त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदारासाठी कुळाने सक्तीने करावयाचे काम. आपल्याकडे त्याला वेठ म्हणतात, आणि या मुलखात त्या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली १९४५ साली वारल्यांनी वेठीविरुद्ध लढा दिला तो त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातच. वेठबिगारी नष्ट करणारा केंद्रीय कायदा १९७६ साली झाला; त्यानंतरही १९८० च्या दशकात शेजारच्या वसई तालुक्यात वेठबिगारांना सोडवून आणण्याचे काम कार्यकर्त्यांना करावे लागले. आपला 'यंत्रमानव' हा शब्द भारदस्त आहे खरा, परंतु त्यात ही वेठ झाकली जाते.

जाता जाता एक गोष्ट नमूद करतो. चापेकच्या नाटकातील रोबो पत्र्याचे नव्हतेच. ते रासायनिक द्रव्यापासून बनवलेले आणि दिसायला माणसासारखे होते. खिळे, पत्रा, दिवे हा वेश त्यांना पुढे चित्रकारांनी आणि चित्रपटांनी चढवला.

शब्दाची ही कुळकथा मुलांना सांगितल्याचा एक अनपेक्षित लाभ झाला. कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी त्यांनी प्रश्न विचारला, "हा काम कोणाचं करतो? सांगितलेलं करतो की आपल्या मनानं?" पात्ररचनेचा आरंभ खरोखर येथूनच होतो. डोके गोल की चौकोनी, हा प्रश्न त्यानंतरचा. जो वेठीला धरलेला आहे त्याचे खांदे पडलेले असतील, मान खाली असेल. जो सोबती आहे तो काम करता करता वर पाहील. आमच्या यंत्रमानवाने माग चालतो तेथील चिंध्या आणि यात्रेकरूंनी टाकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या वेगवेगळ्या उचलाव्यात आणि चुकीच्या ठिकाणी कचरा टाकणाऱ्याकडे मान वळवून नुसते पाहावे, असे ठरले. बोलावयाचे नाही. त्याचे मौन हा मुलांचाच आग्रह होता. शुद्ध मराठी बोलणारा पहिला यंत्रमानव त्यांना आठवत असावा.

घडण

संगणकातील कोणतीही त्रिमिती आकृती म्हणजे बिंदू, त्यांना जोडणाऱ्या कडा आणि कडांनी वेढलेली पृष्ठे यांचे एक जाळे असते. साधा घन घेतला तर आठ बिंदू, बारा कडा, सहा पृष्ठे. प्रत्येक बिंदूचे स्थान तीन संख्यांनी सांगितले जाते: आडवे अंतर, उभे अंतर आणि खोली. नववीच्या पुस्तकातील निर्देशक भूमिती ती हीच, फक्त एका अक्षाची भर. माणसाचा चेहरा असा घडवणे फार कठीण असते, कारण त्वचा वळते, ताणली जाते, सुरकुतते. यंत्रमानवाचे अवयव मात्र न वाकणारे. इष्टिकाचिती, वृत्तचिती, शंकू आणि गोल ही दहावीच्या गणितातील चार घनाकृतींची नावे ज्याला ठाऊक आहेत त्याच्याकडे यंत्रमानवाचे सर्व सुटे भाग तयार आहेत असे समजावे. नवशिक्याने यंत्रमानवापासून आरंभ करावा असे मी म्हणतो ते एवढ्याचसाठी.

थोड्या आकारांतून देह उभा करण्याची विद्या या भागाला नवी नाही. वारली चित्रकार तांदळाच्या पिठाने भिंतीवर माणूस काढतो तो काय काढतो? टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर एक वर्तुळ, आणि हातापायांच्या काड्या. वरचा त्रिकोण छातीचा, खालचा कमरेचा. दोन्ही टोकांवर तोललेले असल्यामुळे ती आकृती किंचित कलली तरी नाचू लागते. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती याच चार आकारांच्या बळावर. आमच्या चित्रकला शिक्षकांनी मुलांना पहिले दोन दिवस संगणकाला हातही लावू दिला नाही. वारली पद्धतीने वाकणारा, उचलणारा, ओढणारा, थकलेला अशा माणसाच्या वीस-वीस आकृती काढून घेतल्या. मला तेव्हा हा कालापव्यय वाटला होता.

नंतर पात्राचे रूप ठरवण्याची वेळ आली. बहुतेकांनी चौकोनी पेटीला चाके लावली. ते साहजिक होते. २००८ साली आलेला 'वॉल-ई' हा अमेरिकी चित्रपट मुलांनी दूरचित्रवाणीवर पाहिलेला होता. त्यातला नायक कचरा दाबून त्याचे ठोकळे करणारी एक पेटीच आहे आणि त्याचे डोळे दुर्बिणीच्या दोन नळ्यांवरून सुचलेले आहेत. गुरुजींनी ती सर्व चित्रे बाजूला ठेवली. म्हणाले, "कचरा उचलणारी पेटी जगानं पाहिली. तुमच्या घरात काय आहे ते आणा."

दुसऱ्या दिवशी एका मुलीने वडिलांच्या कारखान्यातून एक मोडका धोटा आणला. आपल्यापैकी ज्यांनी यंत्रमाग जवळून पाहिला आहे त्यांना धोट्याचे वर्णन करण्याची गरज नाही, इतरांसाठी सांगतो. हातभर लांबीचा गुळगुळीत लाकडी तुकडा, दोन्ही टोके निमुळती व पोलादाने मढवलेली, मध्ये खोबण आणि त्या खोबणीत आडव्या धाग्याची कांडी. दोन्ही बाजूंचे दांडे त्याला आळीपाळीने ठोसे देतात आणि तो दिवसभर इकडून तिकडे धावतो. तो धोटा टेबलावर उभा धरताच वर्गातील सर्वांना त्यात चेहरा दिसला. खोबण म्हणजे डोळ्याची बैठक, कांडी म्हणजे डोळा. नावही तेथेच पडले: धोट्या.

संगणकात धोट्याचे डोके घडवणे सोपे निघाले. घन लांब ओढायचा, दोन्ही टोकांचे बिंदू एकमेकांजवळ आणायचे, मधले पृष्ठ आत ढकलायचे की खोबण तयार. या सर्व खटपटीत मला एका जुन्या नात्याची आठवण झाली. १८०४ साली फ्रान्समधील लियाँ येथे जोसेफ मारी जाकार याने छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेने मागावरील नक्षी काढण्याची योजना सिद्ध केली. छिद्र असेल तेथील उभा धागा उचलला जाई, नसेल तेथील जागीच राही. चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणनयंत्रासाठी पुठ्ठ्यांची हीच कल्पना १८३० च्या दशकात उचलली आणि आजच्या संगणकाच्या पूर्वजांत त्याची गणना होते. तेव्हा मागाच्या धोट्याने संगणकात शिरावे यात परकेपणा काहीच नाही. तो आजोळी आला एवढेच.

कळ आणि सूत्र

रूप तयार झाले म्हणजे पात्र तयार झाले असे नव्हे. ते अजून दुकानातील पुतळ्यासारखे असते. त्याच्या आत सांध्यांची एक रचना बसवावी लागते. ती रचना म्हणजे कळसूत्र, असे मी सुचवतो; यापेक्षा नेमका शब्द मला सापडला नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या कळसूत्री बाहुल्या आठवा. त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. बाहुली नाचते ती तिच्या रंगामुळे नव्हे. दोरा कोठे बांधला आहे आणि सांधा कोठे सैल ठेवला आहे यावर तिचे सारे नर्तन अवलंबून असते. आणि मराठी माणसाला अर्धवटरावांची ओळख करून देण्याचे कारणच नाही. यशवंत केशव पाध्ये यांनी गेल्या शतकाच्या आरंभी घडवलेले हे पात्र त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी पुढे चालवले. रामदासजी यंत्र अभियांत्रिकी शिकलेले, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. १९९३ च्या 'झपाटलेला' चित्रपटातील तात्या विंचू हा बाहुलाही त्यांच्याच हातचा. त्या बाहुल्याचे डोळे वळतात, तोंड उघडते, मान फिरते. आणि भिववणारे जे काही आहे ते एवढ्या थोड्या हालचालींच्या वेळेत आहे.

संगणकातील कळसूत्राचा मुख्य नियम कुटुंबाच्या नियमासारखा आहे. खांदा वडील, कोपर मुलगा, मनगट नातू. खांदा फिरला की कोपर व मनगट त्याच्यामागे जातात. मनगट फिरले म्हणून खांदा हलत नाही. उलट पद्धतीचीही सोय असते: पंजा कोठे ठेवायचा ते सांगावे आणि कोपर व खांदा किती वळावेत ते संगणकाने काढावे. हात हवेत हलवायचा तर पहिली पद्धत बरी. पाय जमिनीवर रोवायचा तर दुसरीच हवी. आमच्या पहिल्या चित्रफितीतील पाय का घसरत होता याचे उत्तर मला येथे मिळाले. तेथे पंजा जमिनीला बांधलेलाच नव्हता. पाय वरून फिरत होते आणि देह वेगळ्याच गतीने पुढे सरकत होता.

मुलांच्या हातूनही चुका झाल्या. त्यांपैकी एक सांगण्याजोगी आहे. प्रत्येक भाग कोणत्या बिंदूभोवती फिरणार हे ठरवून द्यावे लागते. धोट्याच्या हाताचा खालचा भाग कोपराभोवती फिरावयास हवा. मुलांनी तो बिंदू हलवलाच नाही, म्हणून तो भागाच्या मध्यावरच राहिला. हात उचलण्याची आज्ञा देताच तो पंख्याच्या पात्यासारखा गरगरला. वर्ग पोट धरून हसला. गुरुजींनी मग पुठ्ठ्याचा हात करवून घेतला आणि खिळा एकदा मध्यभागी, एकदा कोपरावर ठोकून दाखवला. पुठ्ठ्यावर कळलेली गोष्ट पडद्यावर पुन्हा चुकली नाही. त्यानंतर संपूर्ण धोट्या आधी पुठ्ठा, सुतळी आणि तार यांचा बनवण्यात आला, आणि मगच संगणकात. तो पुठ्ठ्याचा धोट्या अजून वर्गाच्या खिडकीत लटकतो आहे.

चाल

अचल चित्रांना चालवण्याचे वेड महाराष्ट्रात जुने आहे. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली होती, आणि १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात काड्या एकेक चित्रागणिक सरकवून त्या नाचवल्या होत्या. पुढे फिल्म्स डिव्हिजनने १९५६ साली मुंबईत व्यंगपट विभाग सुरू केला तेव्हा डिस्नेच्या चित्रसंस्थेत काम केलेले क्लेअर वीक्स येथील कलावंतांना शिकवण्यासाठी आले. हाताने एकेक चित्र काढण्याचे ते दिवस. आपल्या दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २५ चित्रे लागतात. एका मिनिटाला १,५००.

संगणकाने हे श्रम हलके केले, पण कोणते श्रम, हे नीट समजून घेतले पाहिजे. कलावंत मुख्य स्थिती ठरवतो: येथे पाय टेकला, येथे उचलला. मधली चित्रे संगणक भरतो. तो ती भरतो स्वतःच्या स्वभावाप्रमाणे, म्हणजे प्रत्येक हालचाल सावकाश सुरू करून सावकाश थांबवतो. परिणामी लोखंडाचा यंत्रमानव पाण्याखाली तरंगत असल्यासारखा दिसतो. यंत्र असे थांबत नाही. ते एकदम थांबते आणि किंचित थरथरते. धोट्याच्या मानेसाठी मुलांनी मुख्य स्थितींमधील वेळ कमी करत नेली. अखेरीस मान तीन चित्रांत वळली, दोन चित्रे थरथरली आणि स्थिर झाली. वर्गात कोणीतरी म्हणाले, "आता वाजली." आवाज तर भरलेलाच नव्हता, तरीही ती वाजली होती!

चालीसाठी आम्ही त्याच हमाल काकांना बोलावले. त्यांनी शाळेच्या पटांगणात प्रथम रिकाम्या हाताने, मग पाठीवर तागे घेऊन दोन फेऱ्या मारल्या आणि मुलांनी भ्रमणध्वनीवर त्यांचे चित्रण केले. ते एकेक चित्र थांबवून पाहिले. पाय टेकतो त्या क्षणी शरीर सर्वांत खाली नसते. क्षणभराने, भार त्या पायावर पुरता आला की ते खाली जाते. दुसरा पाय बाजूने पुढे निघाला की वर येते. ओझे असेल तर पाऊल आखूड होते, गुडघा पुरता सरळ होत नाही आणि दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळ वाढतो. हे सर्व जगभरच्या चलच्चित्रणाच्या पुस्तकांत आहे. परंतु पुस्तकातील आकृती पाहून मुलांनी केलेली चाल आणि काकांना पाहून केलेली चाल यांत जे अंतर होते ते पाहणाऱ्याला सांगावे लागत नव्हते. धोट्या चिंध्यांची पिशवी उचलतो तेव्हा आधी अंग मागे घेतो. ही लकब काकांची आहे.

चेहऱ्याविषयी थोडेच. १९८६ साली जॉन लॅसेटर यांनी 'लक्सो ज्युनिअर' या दोन मिनिटांच्या चित्रपटात टेबलावरचे दोन दिवे दाखवले. त्यांना डोळे नाहीत, तोंड नाही, तरी थोरला कोण आणि धाकटा कोण, कोण हिरमुसला, हे लहान मूलही सांगते. उलटपक्षी जपानी शास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली असे मांडले की यंत्रमानव माणसासारखा होत होत जवळजवळ माणूसच दिसू लागला की पाहणाऱ्याला आपुलकीऐवजी शिसारी वाटते. धोट्याला एकच डोळा पुरला.

चित्रफीत पुरी होईपर्यंत

खर्चाविषयी सरपंचताईंनी मघाशी विचारले. 'ब्लेंडर' ही आज्ञावली विनामूल्य आहे. नेदरलँड्समधील टोन रोझेन्डाल यांनी २००२ साली जगभरच्या लोकांकडून एक लाख युरो जमवून ती सर्वांसाठी खुली करवून घेतली. ती हौशी माणसांचे खेळणे नव्हे: २०२५ साली ऑस्कर पारितोषिक मिळवणारा 'फ्लो' हा लॅटव्हियाचा चित्रपट तिच्यावरच बनला आहे. जुन्या संगणकावर तिची जुनी आवृत्ती चालवावी लागते. आमच्याकडे चार संगणक होते आणि त्यांवर आजवर टंकलेखनापलीकडे फारसे काही झाले नव्हते. दोन तर आच्छादनाखालीच होते.

वेळ मात्र लागतो. धोट्याची चित्रफीत चाळीस सेकंदांची, म्हणजे १,००० चित्रांची. एकेक चित्र पुरे रंगवून काढायला संगणकास दोन मिनिटे लागत. एकूण तेहेतीस तासांहून अधिक. पहिल्या रात्री वीज गेली आणि सर्व काम वाया गेले, कारण आम्ही ते एकसंध चित्रफितीच्या रूपात साठवत होतो. नंतर प्रत्येक चित्र सुटे साठवले. मग वीज गेली तरी झालेले जागेवर राहिले आणि पुढच्या क्रमांकापासून काम सुरू करता आले. ज्या गावी भारनियमन आहे तेथील गुरुजींनी एवढे एक लक्षात ठेवावे.

धोट्या कोणाचा?

आता दुसरी फजिती. पहिल्या यंत्रमानवाचे चित्र कचराकुंडीजवळच्या भिंतीवर रंगवण्याची एका ग्रामपंचायतीची इच्छा होती. मी उत्साहाने होकार दिला आणि कागद काढल्यावर कळले की त्या तयार पात्राचा परवाना केवळ एका चित्रफितीपुरता होता. भिंतीसाठी पुन्हा पैसे, पुस्तिकेसाठी पुन्हा पैसे. ज्याच्या छातीवर आमचे बोधचिन्ह होते तो आमचा नव्हताच.

आपल्या देशातील चलच्चित्रण व्यवसायाची कथा काहीशी अशीच आहे. कितीतरी वर्षे आपल्या चित्रसंस्थांनी परदेशी पात्रांना हातपाय हलवायला लावले. पात्र त्यांचे, मजुरी आपली. अलीकडे 'छोटा भीम' किंवा 'मोटू पतलू' यांसारखी स्वतःची पात्रे उभी राहिली आहेत आणि त्यांचे मोल खेळण्यांपासून दप्तरांपर्यंत दिसते. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये चलच्चित्रण, दृश्य परिणाम, खेळ व चित्रकथा या क्षेत्रासाठी धोरण मंजूर केले असून २०५० पर्यंतच्या त्याच्या आराखड्यात ३,२६८ कोटी रुपयांची तरतूद योजली आहे. त्याआधी जुलै २०२५ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था मुंबईत पेडर रोडवर, पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात सुरू झाली. पवईच्या आय.आय.टी.मधील अभिकल्प केंद्र तर १९६९ पासून आहे. या दारांपर्यंत भिवंडी तालुक्यातील मूल पोहोचावे असे वाटत असेल तर त्याच्या हाती काहीतरी स्वतःचे हवे.

म्हणून धोट्याच्या बाबतीत कागद आधी केले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र व शिल्पासारखी कलाकृती ज्याने निर्माण केली तो तिचा प्रथम स्वामी. नोकरीत केलेले काम आणि शासकीय कृती यांना अपवाद आहेत, पण तेही वेगळा करार नसेल तरच. तेव्हा करार हवा. मुले अज्ञान, अर्थात त्यांची सही कायद्याने पुरेशी नाही. सातही पालकांना बोलावले. करारात एवढेच आहे की धोट्याचे रूप त्या सात मुलांचे, आणि शासन व या परिसरातील ग्रामपंचायती यांनी तो स्वच्छतेच्या कामासाठी कोठेही विनामूल्य वापरावा. एका पालकांनी अंगठा उठवण्यापूर्वी विचारले, "म्हणजे उद्या कोणी धोट्याची खेळणी काढली तर?" मी म्हणालो, तर त्यांना तुमच्या दाराशी यावे लागेल. ते बराच वेळ हसत होते. मग त्यांनी करार पुन्हा वाचून दाखवायला सांगितला.

चित्रफीत तयार आहे आणि आता ती आपण पाहणारच आहोत. तिच्या शेवटी तीन सेकंदांची एक कोरी चौकट दिसेल. तो तांत्रिक दोष समजू नये. तेथे सात विद्यार्थ्यांची, त्यांच्या गुरुजींची आणि चाल दाखवणाऱ्या काकांची नावे यावयाची आहेत. शासकीय चित्रफितीत खासगी व्यक्तींची नावे कोणत्या नियमान्वये, असा शेरा मारून नस्ती परत आली होती. मी करार जोडून ती पुन्हा वर पाठवली आहे. ७५ चित्रांची ती जागा मुलांनी मोजून ठेवलेली आहे, आणि ती भरेपर्यंत धोट्या त्या चौकटीच्या कडेला उभा राहून मान वळवून नुसता पाहत असतो.

कृपया दिवे मालवावेत.